मोंबासाची १४ दिवसांची चिल्ड्रन मिनिस्ट्री ट्रिप: जाऊन आले, जसं होतं तसं लिहितेय

जय ख्रिस्त सगळ्यांना.

ऑगस्टमध्ये केनियाला लहान मुलांच्या सेवेसाठी जाऊन आले तेव्हापासून मंडळीतले, नात्यातले, ओळखीच्या ओळखीतले असे मिळून किमान तीस जणांनी विचारलंय की ट्रिप कशी होती, पैसे किती लागले, पुढच्या वर्षी आम्ही जावं का. फोनवर प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगून होतं आणि महत्त्वाचं राहून जातं, म्हणून एकदाच नीट लिहिते. ज्या संस्थेबरोबर गेले तिचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांच्यासमोर बसून सांगितल्यात, आणि अशा ट्रिपा काढणारे आता बरेच आहेत तेव्हा मी लिहितेय ते कुठल्याही ट्रिपला लावून बघता येईल.

माझं रेटिंग पाचपैकी साडेतीन. पण हा आकडा सगळ्याची सरासरी काढून आलाय. जिथं तिथल्या संडे स्कूलच्या टीचर पुढे होत्या आणि आम्ही त्यांच्या हाताखाली होतो त्या दिवसांना पाचपैकी पाच. जिथं आम्ही पुढे होतो तिथं तीन. आणि एक दिवस असा होता की त्याला मी शून्य देते, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कृपया तो भाग वाचल्याशिवाय कुणी पैसे भरू नका.

मी नाशिकची, शरणपूरच्या बाजूलाच लहानाची मोठी झाले, १७ वर्षं संडे स्कूल घेते. पासपोर्ट या ट्रिपसाठीच काढला. आमच्या टीममध्ये नऊ जण होते, नाशिक, नगर, पुणे आणि वसईचे, सगळ्यात लहान २२ ची आणि सगळ्यात मोठे एक रिटायर्ड मास्तर.

पैशाचं आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. माणशी १ लाख ४२ हजार. त्यात मुंबई ते नैरोबी जाऊन-येऊन विमान, नैरोबी ते मोंबासा रेल्वे, राहणं, खाणं, प्रवासाचा विमा आणि एक दिवस फिरणं. यात नसलेलं म्हणजे यलो फीवरची लस, ईटीए (केनियात आता व्हिसाऐवजी हे ऑनलाइन काढावं लागतं, २०२४ पासून), मलेरियाच्या गोळ्या आणि मुलांसाठी न्यायचं सामान, ते धरून माझे अजून १७ हजार गेले. लसीचं नीट लक्षात ठेवा, ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सेंटरवरच मिळते, आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागू होतं, परत येताना कार्ड नसेल तर इथं एअरपोर्टवरूनच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला नेऊ शकतात. आम्हाला हे निघायच्या १६ दिवस आधी सांगितलं. नगरच्या ताईंना लसीची तारीख मिळेपर्यंत रात्र रात्र झोप नव्हती. ज्या संस्थेने आठ ट्रिपा काढल्यात तिला हे पहिल्या मीटिंगला सांगता आलं पाहिजे होतं.

दुसरं म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. केनियात २०१७ पासून कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, दंड पण मोठा आहे. आम्ही घरी बसून तीन रात्री जागून क्राफ्टचे दीडशे संच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले होते, मुंबई एअरपोर्टवर टीममधल्या एकाला आठवलं आणि मग तिथंच जमिनीवर बसून सगळं उघडून कागदात आणि ओढण्यांत बांधलं. वाचताना साधी गोष्ट वाटेल, पण रात्री दोन वाजता नऊ माणसं क्रेयॉन वेचतायत आणि चेक-इन बंद व्हायला चाळीस मिनिटं राहिलीत हे अनुभवल्यावर साधं वाटत नाही.

नैरोबी ते मोंबासा रेल्वे मात्र फार सुंदर. मदाराका एक्स्प्रेस, २०१७ ला सुरू झालेली, पाच-साडेपाच तास लागतात, मध्ये त्सावोचं जंगल लागतं आणि तिथल्या लाल मातीने रंगलेले हत्ती खिडकीतून दिसतात. तिथली जुनी रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली तेव्हा आपल्या देशातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते, मुख्यतः पंजाबचे, आणि कित्येक जण तिथंच वारले. आमच्या रिटायर्ड मास्तरांनी गाडीत त्यांच्यासाठी छोटी प्रार्थना केली. हे कार्यक्रमात नव्हतं, त्यांना वाटलं म्हणून केली.

आता मोंबासाच का, हे आमच्यातल्या कुणालाच धड माहीत नव्हतं आणि संस्थेने पण सांगितलं नव्हतं, मला याचं खूप वाईट वाटलं. कारण नाशिक आणि मोंबासाचं नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे. हिंदी महासागरात गुलाम वाहून नेणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, त्यातली सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, आणि त्यातली बरीच मुलं आपल्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम सगळं इथं शिकली. त्यांना नासिक बॉईज म्हणायचे. आफ्रिकेत फिरणारे प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन तिथं वारले तेव्हा त्यांचा देह इंग्लंडपर्यंत ज्याने सोबत केली तो जेकब वेनराइट शरणपूरला शिकलेला, १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याच वर्षी शरणपूर उभं करणारे पाळक विल्यम प्राइस मोंबासाला गेले आणि सुटका झालेल्या गुलामांसाठी त्यांनी फ्रेअर टाउन ही वस्ती वसवली, मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रेअर यांच्या नावाने. आणि त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, शरणपूरहून गेलेले तरुण मोंबासाजवळच्या राबाई गावात सेवा करत होते. म्हणजे नाशिकहून मोंबासाला मिशनसाठी जाणारे आम्ही पहिले नव्हतो. आमच्या आधी जे गेले ते आफ्रिकनच होते, आपल्या घरी परत जाणारे, आणि त्यांचं शिक्षण आमच्या गल्लीत झालं होतं. हे मी सुट्टीत वाचून काढलं आणि गाडीत टीमला सांगितलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले.

फ्रेअर टाउनची घंटा अजून आहे, चौकात छोट्या मनोऱ्यात टांगलेली, त्या भागालाच केंगेलेनी म्हणतात, केंगेले म्हणजे घंटा. गुलामांची गलबतं दिसली की ती वाजवायचे असं तिथले लोक सांगतात. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिथल्या मंडळीतले एक आजोबा सोबत होते, म्हाताऱ्या माणसाला तिकडे मानाने म्झे म्हणतात. मी नाशिकची आहे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातात घेतला आणि 'नासिक' हा शब्द दोनदा म्हटला. पुढे काही बोलले नाहीत.

आमची व्हीबीएस (म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) राबाईच्या बाजूला होती, मोंबासापासून वीसेक किलोमीटरवर. हे गाव म्हणजे त्या भागातल्या मिशनचं मूळ, क्राफ नावाचे जर्मन मिशनरी १८४४ ला मोंबासाला उतरले, काही महिन्यांतच त्यांची बायको आणि तान्ही मुलगी तापाने गेली, आणि तरी त्यांनी दोन वर्षांनी राबाईत रेबमन या दुसऱ्या मिशनरीबरोबर काम सुरू केलं. सगळीकडे नारळाची झाडं, झावळ्यांनी शाकारलेली छपरं, लाल वाट, वसईच्या मुलीला तर उतरल्या उतरल्या मामाच्या गावाला आल्यासारखं वाटलं. खाणं पण तसंच. सकाळी महामरी म्हणजे वेलची आणि नारळाचं दूध घालून तळलेली गोडसर फुगलेली पुरीच म्हणा, आणि सोबत म्बाझी म्हणजे नारळाच्या रसातली तूर, आख्खे दाणे. चपातीला चपाती आणि चहाला चाय. भाषेत पण असे शब्द सापडत गेले, दुका म्हणजे दुकान, रांगी म्हणजे रंग, साबुनी म्हणजे साबण, हेसाबू म्हणजे हिशोब, बिमा म्हणजे विमा, एम्बे म्हणजे आंबा. मुलांबरोबर पहिल्या दिवशी याचाच खेळ झाला, मी वस्तू दाखवायची आणि दोघांनी एकदम आपापला शब्द ओरडायचा, जुळला की टाळी. आणि मोठ्या माणसाला मुलं शिकामू म्हणतात, त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरतो असा आहे म्हणे, मोठ्यांनी माराहाबा म्हणायचं. मी त्यांना वाकून नमस्कार करून दाखवला तेव्हा एक टीचर म्हणाली, आमचे आजीआजोबा शब्दात करायचे ते तुम्ही खरंच करता.

आता भाषेची तक्रार. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की केनियात सगळ्यांना इंग्लिश येतं. शाळेतल्या मोठ्या मुलांना येतं, बरोबर आहे. पण पाच-सहा वर्षांचं पोर घरी राबाई किंवा गिरियामा बोलतं, शाळेत स्वाहिली, इंग्लिश त्याला नुकतं कुठं लागलेलं असतं. पहिल्या दिवशी आमच्या पुण्याच्या भावाने हरवलेल्या मेंढराची गोष्ट इंग्लिशमध्ये पंचवीस मिनिटं सांगितली, छान तयारी केली होती, पपेट होतं, आणि लहान मुलं अतिशय शहाण्यासारखी शांत बसली होती. संपल्यावर तिथल्या टीचरने तीच गोष्ट सहा मिनिटांत सांगितली, मेंढराऐवजी शेळी केली कारण तिथं दारात शेळ्या असतात, रात्री शेळी आली नाही तर घरात काय बोलणं होतं ते सगळं केलं, आणि मुलं उठून उभी राहिली, दोन जण तर खरंच दाराकडे शेळी शोधायला निघाले. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही नऊ जण बसून ठरवलं की उद्यापासून गोष्ट त्याच सांगणार. आमचा लीडर आधी तयार नव्हता, त्याला रिपोर्टमध्ये कोणी शिकवलं ते लिहावं लागतं, पण मग तो पण तयार झाला आणि तिथून ट्रिप बदलली.

अजून एक घोळ झाला तो वेळेचा, आणि तो पूर्णपणे आमचा. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर मोजायला सुरुवात करतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. टीचरने दुसऱ्या दिवसाची वेळ सा तातू सांगितली, तातू म्हणजे तीन एवढं आम्हाला माहीत होतं, आम्ही निवांत दुपारी तीनची तयारी धरली. ते सकाळचे नऊ होते. साडेनऊला फोन आला तेव्हा १३० मुलं अर्धा तास बसून गात होती. आम्ही पोहोचलो तर कुणाच्या चेहऱ्यावर राग नाही, कायांबा वाजत होता (वाळक्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांनी हलवतात), आणि मुलं घामाघूम होऊन नाचत होती. आमच्याशिवाय त्यांचं सगळं व्यवस्थित चाललं होतं, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

त्या चार टीचरबद्दल लिहायलाच हवं. एक शाळेत शिकवते, एक कापड शिवते, दोघी शेती आणि नारळाचं करतात. पगार कुणालाच नाही. संडे स्कूलचं सामान म्हणजे एक फळा, बाटलीची बुचं, करवंट्या आणि जुन्या कॅलेंडरची चित्रं. पाच भाकरी दोन मासळ्यांची गोष्ट बुचांनी मांडली, बुचं मोजता मोजता लहान मुलांचा हेसाबू पण झाला. जक्कयाची (बायबलमधला कर गोळा करणारा) गोष्ट सुरू झाल्यावर मागे उभे असलेले आईबाप हसायला लागले, आम्हाला कळेना, मग कळलं की टॅक्स वाढल्यापासून लोक तिथल्या राष्ट्राध्यक्षांना झाकायो, म्हणजे जक्कय, म्हणतात. अशी गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला कधीच सांगता येणार नाही. मी १७ वर्षं शिकवतेय आणि या पाच दिवसांत जे शिकले ते कुठल्या सेमिनारला शिकले नव्हते, इथं येऊन पहिल्याच रविवारी मी गठ्ठाभर वर्कशीट बाजूला ठेवले.

आमचा उपयोग काय झाला मग? झाला, आणि चांगला झाला. १३० मुलं, चार टीचर, म्हणजे एकीला बत्तीस-तेहतीस. आम्ही नऊ आल्यावर छोटे गट पाडता आले, हात धुवायला रांग लावणं, पाणी भरणं, खिचडीसारखं गिथेरी वाढणं (मका आणि घेवडा एकत्र शिजवतात), लहान भावंडांना सांभाळणं म्हणजे थोरल्या बहिणीला गोष्ट ऐकता येते, ही सगळी कामं आम्ही केली. आठ-नऊ वर्षांच्या मुली पाठीवर बाळ बांधून येतात, ते बाळ कुणी दोन तास घेतलं तर ती मुलगी पण मूल होऊन खेळते. माझ्या कडेवर एक दहा महिन्यांचं बाळ चार दिवस होतं आणि त्याची ताई लगोरी खेळत होती, आम्ही शिकवलेली. मला विचाराल तर माझी संपूर्ण सेवा तीच होती.

तिसऱ्या दिवशी फुंझाचं काम होतं. फुंझा म्हणजे मातीतली पिसू, अनवाणी पायात शिरते, आत अंडी धरते, मुलांना चालता येत नाही, शाळेत चिडवतात म्हणून शाळा सुटते. गावातली आरोग्य स्वयंसेविका, आपल्या आशाताईंसारखी, ती आली होती. काम तिचं, आम्ही पाणी गरम करून द्यायचं, पाय धुवून पुसायचे आणि मुलाचा हात धरायचा. सहा वर्षांचा एक मुलगा होता, दोन्ही टाचा भरलेल्या, एकदाही रडला नाही, फक्त माझ्या बोटाला घट्ट धरून होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे मी कितीदा शिकवलंय, दरवर्षी गुड फ्रायडेच्या आठवड्यात शिकवते. त्या दिवशी पाण्याचा रंग बघितला आणि मला आतून कळलं. संध्याकाळी स्वयंसेविकेने स्पष्ट सांगितलं की घरातली जमीन मातीची आहे तोवर हे परत होणार, चपला द्या आणि जमीन सारवायला, पक्की करायला मदत करा. आमच्या बजेटमध्ये दीडशे टी-शर्ट होते, संस्थेचा लोगो असलेले. चपला नव्हत्या. ही माझी मोठी तक्रार आहे, आणि यासाठी कुणी वाईट माणूस असायला लागत नाही, फक्त निघायच्या आधी एक फोन करून तुम्हाला काय लागतं विचारायचं राहून जातं.

आता तो शून्यवाला दिवस.

सातव्या दिवशी कार्यक्रमात चिल्ड्रन होमची व्हिजिट होती, दुसऱ्या भागात, आमच्या मंडळीशी संबंध नसलेली जागा. गाडी थांबली आणि चाळीसेक मुलं एका रंगाचे कपडे घालून रांगेत उभी, गाणं सुरू. मग दोन तीन वर्षांची पोरं धावत आली आणि ओळखपाळख नसताना आमच्या पायांना मिठी मारली, मांडीवर चढली. टीममधल्या सगळ्यांना भरून आलं. मला मात्र माझी आजी आठवली. आजी मिशनच्या बोर्डिंगात वाढली, आईबाप दोघं जिवंत असताना, दुष्काळात खायला नव्हतं म्हणून ठेवलेली. ती सांगायची, पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी डोकी धुवायचे, गाणं बसवायचे, आणि पाहुणे गेले की रात्री लहान मुली रडायच्या कारण ज्या बाईने कडेवर घेतलं होतं ती पण गेली. बोर्डिंगने आजीला शिकवलं, जगवलं, ते उपकार आमचं घर विसरलेलं नाही. पण तिने सांगितलेलं हे पण मी विसरलेली नाही.

जे मूल कुणाही अनोळखी माणसाला अशी मिठी मारतं ते फार प्रेमळ आहे म्हणून नाही मारत, त्याच्याजवळ कायमचं माणूस नाही म्हणून मारतं. आणि आपल्यासारखे दर महिन्याला येऊन जातात त्याने ती जखम भरत नाही, दर वेळी नव्याने उघडते. मी तिथल्या एका काम करणाऱ्या ताईला विचारलं की या मुलांचे आईवडील? ती म्हणाली, बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी आहे, गरिबी आहे म्हणून इथं आहेत. केनिया सरकारने २०१७ मध्येच नवीन होमची नोंदणी थांबवली, आणि २०२२ पासून मुलांना घरी किंवा नात्यात परत न्यायचं दहा वर्षांचं धोरण आहे. म्हणजे तिथला देश एका दिशेला चाललाय आणि आपण बाहेरून पैसे देऊन त्याच्या उलट ओढतोय. आमच्या प्रत्येकाच्या फीमधले काही पैसे त्या व्हिजिटचं दान म्हणून गेले होते, हे आम्हाला परत आल्यावर हिशोबात कळलं. तेवढ्या पैशात एखाद्या आजीला नातू घरी ठेवता आला असता.

आणि फोटो. व्हीबीएसमध्ये टीचरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पालकांना विचारल्याशिवाय चेहरा नाही, पाय धुताना तर अजिबात नाही. होममध्ये कुणीच काही बोललं नाही आणि आमच्यातल्या काही जणांनी मांडीवरच्या मुलांचे सेल्फी तिथूनच स्टेटसला टाकले. मी रात्री विषय काढला, भांडण झालं, एक ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग तिने स्वतःहून ते फोटो स्टेटसवरून काढून टाकले. मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग म्हणून आम्हाला जी पीडीएफ दिली होती ती चार पानांची होती, सही करून परत पाठवायची. पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं नाही, संडे स्कूलचा अनुभव कुणाकडे चौकशी करून पडताळला नाही. मुलांमध्ये नऊ अनोळखी मोठी माणसं सोडताना एवढंच?

हे तिथं जास्तच नाजूक आहे, कारण राबाई ज्या किलिफी काउंटीत येतं तिथंच २०२३ मध्ये शाकाहोलाचं प्रकरण झालं, उपाशी राहून येशूला भेटा असं सांगणाऱ्या एका पास्टरच्या नादी लागून माणसं मेली, जंगलातून चारशेच्या वर मृतदेह काढले आणि त्यात लहान मुलं किती तरी होती. त्यानंतर मुलांना गोळा करून प्रभूचं नाव घेणाऱ्या कुणालाही आईबाप प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवेत. आमच्या व्हीबीएसला प्रत्येक मुलाचं नाव पालकाने येऊन लिहिलं, दोन आया रोज मागच्या बाकावर बसून राहायच्या. आजूबाजूला मुसलमान कुटुंबं पण आहेत, त्यांची मुलं फाटकात उभी राहून बघायची, तर टीचर आधी त्यांच्या घरी जाऊन विचारून आल्या, दोन घरांनी खेळायला चालेल गोष्टीला नको म्हटलं, तसंच केलं. गोळ्या-चॉकलेट दाखवून कुणाला आत घेतलं नाही. माझा विश्वास आहे की लेकरांना माझ्याकडे येऊ द्या हे प्रभूचं वाक्य आईबापाला ओलांडून येऊ द्या असं नाहीये.

आणि शेवटच्या दिवशी लीडरला रिपोर्टसाठी आकडा हवा होता, किती मुलांनी येशूला स्वीकारलं, हात वर करायला सांगूया म्हणाला. थोरल्या टीचरने शांतपणे सांगितलं, पाहुण्यांनी विचारलं तर ही १३० मुलं पण हात वर करतील आणि उद्या त्यांची नावं मलाच माहीत असतील. हात वर करायला सांगितले नाहीत. रिपोर्टमधला तो रकाना रिकामा गेला आणि मला त्याचा अभिमान आहे.

राहायचं चर्चच्या गेस्ट हाऊसमध्ये, स्वच्छ, मच्छरदाण्या चांगल्या, पाणी बादलीचं. मोंबासात बजाजची टुकटुक सगळीकडे, घरची वाटते. फिरायच्या दिवशी मी गेले नाही, त्याबद्दल सांगता येणार नाही.

तर जावं का? मी म्हणेन जा, पण पैसे भरायच्या आधी संस्थेला लेखी विचारा की तिथं शिकवणार कोण, तिथल्या टीचरनी तुम्हाला बोलावलंय का आणि काय मागितलंय, कार्यक्रमात चिल्ड्रन होम असेल तर ते काढणार का, मुलांच्या सुरक्षेसाठी टीमची तपासणी कशी करता, आणि धार्मिक सेवेसाठी कुठला परवाना काढताय. नुसतं टुरिस्ट म्हणून या असं उत्तर आलं तर थांबा. आणि एकाच जागी परत परत जाणारी ट्रिप निवडा, दरवर्षी नवीन देश असं ज्यांच्या पत्रकात असतं त्यांच्या वाटेला जाऊ नका. आमच्या संस्थेने माझं ऐकून घेतलं, होमची व्हिजिट पुढच्या वर्षी नाही असं म्हणालेत, टी-शर्टच्या जागी चपलांचं पण बघतो म्हणालेत. ते झालं की मी इथं येऊन अर्धा स्टार वाढवेन.

निघायच्या आदल्या रात्री मी थोरल्या टीचरला विचारलं की पुढच्या वर्षी आम्ही काय घेऊन येऊ. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तुम्ही नऊ जण येण्याऐवजी दोघीच या, पण महिनाभर राहा. आणि उरलेल्या तिकिटांच्या पैशात आमच्यातल्या दोघींना नासिकला न्या, आमचे लोक जिथं शिकले ती जागा आम्हाला बघायची आहे, तुमचं संडे स्कूल पण बघायचंय. संस्थेच्या फॉर्ममध्ये यासाठी कुठलाच रकाना नाही, मी विचारून बघितलं. म्हणून आमच्याच मंडळीत डबा ठेवलाय, पाळकसाहेबांनी परवानगी दिली, परवाच्या रविवारपर्यंत ३८ हजार जमलेत, दोघींच्या पासपोर्टचं काम तिकडे सुरू झालंय.